सुधाकराचे दोन आजार

मराठी मध्यमवर्गीय घरात दारू पुष्कळदा बाटलीतून येण्याआधी नाटकातून आलेली असते. ज्या घराच्या उंबऱ्याआत तिचा थेंब कधी पडला नाही, त्या घरातल्या आजीलाही सिंधूचे हाल ठाऊक असतात, आणि ज्याने नाटकाचे पुस्तक कधी हातात धरले नाही, त्यालाही तळीराम कोण हे सांगावे लागत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी रस्त्यावर पकडलेल्या माणसांची बातमी देताना आपली वर्तमानपत्रे आजही त्यांना बेधडक 'तळीराम' म्हणतात. नाटककाराने एका कारकुनाला दिलेले नाव भाषेने उचलावे आणि त्याचे सामान्यनाम करून टाकावे, असे भाग्य फार थोड्या पात्रांच्या वाट्याला येते.

'एकच प्याला' हे राम गणेश गडकऱ्यांचे नाटक. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते. नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात, त्याच वर्षी. गंधर्व नाटक मंडळीने ते केले. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले, आणि गडकऱ्यांच्या हातून राहिलेली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. त्याला आता शंभरावर वर्षे लोटली. या शतकात त्याच्यावर जे लिहिले गेले, त्यातला पुष्कळसा भाग तीन गोष्टींभोवती फिरतो: गडकऱ्यांची भाषा, सिंधूचे पातिव्रत्य आणि दारूचा दुष्परिणाम. या तिन्ही गोष्टी नाटकात आहेत, यात शंका नाही. परंतु चौथी एक गोष्ट त्यात आहे आणि ती आपण पाहिली नाही, असे माझे म्हणणे आहे. सुधाकराला एक आजार नव्हता, दोन होते. एक मनाचा आणि दुसरा प्याल्याचा. नाटकातल्या माणसांनी दुसऱ्यावरच उपाय केला, प्रेक्षकांनी दुसऱ्यासाठीच अश्रू ढाळले, आणि पहिला आजार रंगमंचाच्या मध्यभागी उभा असूनही कुणाच्या नजरेत भरला नाही.

ऐन सणात हा विषय काढल्याबद्दल घरोघरच्या वाचकांनी रागावू नये. सणाला सगळे घर एकत्र जमते, आणि जमलेल्या घरात कोण आले नाही हेही त्याच वेळी जाणवते. कुणाचा धाकटा काका, कुणाचा मामेभाऊ. त्याच्याविषयी स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलले जाते आणि पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत विषय बदलतात. त्या माणसाकडे कसे पाहायचे, हे आपण कळत नकळत नाटक-सिनेमातूनच शिकलो आहोत. म्हणून नाटक नीट वाचणे हे नुसते वाङ्मयाचे काम राहत नाही.

आता सुधाकर पाहू. तो मुळात कसा माणूस आहे? बुद्धिमान, कर्तबगार आणि अतिशय मानी वकील. दारूशी त्याचा संबंध नाही. भर कोर्टात मुन्सफाशी त्याची खडाजंगी होते, अपमान घडतो आणि त्याची सनद काही काळापुरती काढून घेतली जाते. ज्या बुद्धीवर त्याने स्वतःची किंमत ठरवली होती, तिचाच असा पाणउतारा झाल्यावर तो आतून मोडतो. त्याला माणसे नकोशी होतात, डोक्यातला विचार थांबत नाही, झालेला अपमान पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो. या घटकेला तळीराम पुढे येतो आणि विसरण्यासाठी म्हणून एकच प्याला घे म्हणतो.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. प्याला येण्याआधी मन पडलेले आहे. तळीराम आनंदासाठी दारू देत नाही. तो ती औषध म्हणून देतो, आणि सुधाकरही औषध म्हणूनच घेतो. व्यसनाधीन माणसांतले कित्येक जण एखाद्या विशिष्ट मानसिक वेदनेवर उतारा म्हणून व्यसन धरतात, असा विचार एडवर्ड खांट्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली रीतसर मांडला. सर्वांच्या बाबतीत तो लागू पडतो असे नाही. कित्येकांना व्यसन आधी लागते आणि मन नंतर बिघडते, तर कित्येकांच्या रक्ताच्या नात्यातच दोन्हींचा वारसा असतो. पण तळीरामाच्या तोंडी गडकऱ्यांनी जी युक्ती घातली, ती हीच होती, आणि ती सहासष्ट वर्षे आधी घातली होती. नाटककाराने वैद्यकाच्या आधी रोग ओळखला असे मी म्हणणार नाही. त्याने माणूस नीट पाहिला, एवढे म्हणतो.

मग प्रेक्षकांना ते का दिसले नाही? याला कारण नाटकाचे नावच आहे. 'एकच प्याला' या दोन शब्दांनी सगळे लक्ष त्या पेल्यावर खेचून घेतले. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे हे आकर्षण मला चांगले ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला एक कारण हवे असते. एका कारणाने एक घर बुडाले, की कथानक ताठ उभे राहते. दोन कारणे आली, ती एकमेकांत गुंतली, त्यातले पहिले कोणते हेच कळेनासे झाले, की कथानक ढिले पडते आणि वाचक जांभई देतो. दारूबंदीच्या चळवळीलाही एकच कारण हवे होते. आणि घरच्या माणसांना तर ते सर्वांत अधिक हवे असते. 'दारू वाईट, बाकी माणूस सोन्यासारखा', हे वाक्य आपण किती घरांत ऐकले असेल! त्यात माया आहे. पण त्या सोन्यासारख्या माणसाच्या आत काय चालले आहे, हे विचारण्याची जबाबदारी त्याच वाक्याने टळते.

नाटकातला सर्वांत गाजलेला गद्य उतारा घ्या. रामलाल दारू सोडण्याचा आग्रह करतो, तेव्हा सुधाकर त्याला दारुड्याच्या आयुष्याच्या तीन अवस्था समजावून सांगतो आणि या वाटेवरून परत फिरता येत नाही असा निर्वाळा देतो. हे भाषण पिढ्यान्‌पिढ्या नटांनी गाजवले, स्पर्धांतून मुलांनी पाठ म्हटले. सर्वांनी ते दारूविषयीचे शास्त्र म्हणून ऐकले, जणू गडकरीच सुधाकराच्या तोंडून निकाल वाचून दाखवीत आहेत.

पण बोलतो कोण, हे टीकाकाराने आधी पाहिले पाहिजे. बोलणारा माणूस खचलेला आहे. आपले आता काही खरे नाही, प्रयत्न फुकट आहेत, आपण सुधारणार नाही, आपल्यामुळे आपल्या माणसांचे नुकसान होते, ही भाषा कोणाची? कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाला विचारा. नैराश्याच्या रोग्याची ही रोजची भाषा आहे. आशा नाहीशी होणे हे त्या रोगाचे एक ठळक लक्षण. म्हणजे ज्या भाषणाला आपण रोगाचे वर्णन समजलो, ते रोगाचे लक्षण आहे. तापाने फणफणलेल्या माणसाने जग जळत असल्याचे सांगावे आणि आपण ते हवामानाच्या अहवालात लिहून घ्यावे, तसे हे झाले. मराठी प्रेक्षकाने शंभर वर्षे एका निराश माणसाचा शब्द प्रमाण मानला. दारुडा सुधारत नाही, ही समजूत आपल्या घरोघर जी मुरली आहे, तिला या टाळ्यांनी पुष्कळ खतपाणी घातले.

गडकऱ्यांची स्वतःची साक्ष मात्र वेगळी आहे. त्याच नाटकात त्यांनी भगीरथ उभा केला आहे. हा तरुण प्रेमभंगाने पोळून दारूकडे वळलेला, तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात जाऊन बसणारा. तो त्या वाटेवरून परत फिरतो. कसा फिरतो? रामलाल त्याच्या दुःखाला हात घालतो, तुझे आयुष्य अजून कुणाच्या तरी उपयोगी आहे हे त्याला पटवतो आणि त्याला काम देतो. म्हणजे त्याच्या पेल्याशी रामलाल भांडत बसत नाही. पेल्यामागच्या जखमेशी बोलतो. एकाच नाटकात एक सुटतो आणि एक बुडतो. सुधाकराचे तत्त्वज्ञान खरे असते, तर भगीरथाला त्या नाटकात जागा नसती. हा उपकथानकाचा धागा सैल आहे, प्रचारकी आहे, असे म्हणायला जागा आहे. तरीही मुख्य कथानकावरचे सर्वांत बोलके भाष्य त्यातच आहे.

सुधाकराच्या वाट्याला काय येते? शपथ. तो दारू सोडण्याची शपथ घेतो, आणि ती खोटी नसते. मग तो काम शोधायला बाहेर पडतो. ओळखीपाळखीची, प्रतिष्ठित माणसे त्याला झिडकारतात. दारुड्याला कोण उभे करणार? पहिला अपमान कोर्टात झाला होता, आता तोच दारोदार होतो. जुनी जखम उघडी पडते आणि त्याला जुनाच उतारा आठवतो. या वेळी तो विसरण्यासाठी पीत नाही, मरण्यासाठी पितो. नाट्यरचनेच्या दृष्टीने हा भाग मला नाटकातला सर्वांत निर्दोष वाटतो. व्यसन पुन्हा का लागते, हे त्यात एका ओळीचाही उपदेश न करता सांगितले आहे. शपथेने हात थांबला. हात ज्या कारणाने वळत होता, ते कारण जागच्या जागी राहिले.

आता त्या विनोदी प्रवेशाकडे येतो, ज्याला समीक्षक बहुधा ठिगळ समजतात. तळीराम आजारी पडतो आणि त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य एकमेकांवर तुटून पडतात. दोघांना आपापल्या शास्त्राचा अभिमान. रोगी मात्र मध्ये पडून आहे. प्रेक्षक पोट धरून हसतो. मला या प्रवेशाला आता तितकेसे हसू येत नाही, कारण दोन उपचारकांच्या मध्ये पडलेला रोगी आजही आपल्या आसपास आहे.

मी शाळेत शिकवतो. शिक्षकाला वर्गातल्या मुलाच्या वहीवरून घरचे हवामान कळत असते. एका विद्यार्थ्याची आई मागे वही पाहायला म्हणून आली आणि वहीचे बोलणे संपल्यावरही उठेना. नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेले, तर तिथे म्हणाले, हा रात्र रात्र झोपत नाही, कुणीतरी मारायला येते म्हणतो, आधी याचे डोके तपासून आणा. मनाच्या डॉक्टरांकडे नेले, तर तिथे म्हणाले, आधी दारू बंद करून आणा, मग बघू. 'गुरुजी, मी याला नेमका कुठल्या दारातून आत घेऊन जाऊ?' असे तिने विचारले. एवढा नेमका प्रश्न मला कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडलेला नाही.

त्या बाईची तक्रार एकटीची नव्हे. आपल्या देशात व्यसनमुक्तीची बरीचशी केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालतात आणि मनोरुग्णालये आरोग्य खात्याकडे असतात. एक माणूस, दोन आजार, दोन खाती. पाश्चात्त्य देशांतही फार काळ असेच चालले होते. आधी एक आजार बरा करा, मग दुसऱ्याकडे वळा, हा तिथला शिरस्ता. त्याचा परिणाम असा, की रोगी दोन्हीकडून सुटे. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेत, विशेषतः न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दोन्ही आजारांवर एकाच ठिकाणी, एकाच चमूने, एकाच वेळी उपचार करण्याची पद्धत बसवली. आज जाणकारांचा कल याच बाजूला आहे.

यात डॉक्टरांचे काम सोपे आहे असे कुणी समजू नये. दारू स्वतःच मनाला खाली ओढते. पुष्कळ पिणाऱ्या माणसाची उदासी दारू थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत आपोआप बरीच ओसरते. पण काहींची ओसरत नाही, कारण ती मुळातच दारूची नसते. म्हणून चांगला डॉक्टर मागचे विचारतो: आधी काय सुरू झाले? मध्ये काही महिने दारू बंद होती, तेव्हा माणूस कसा होता? घराण्यात कुणाला असा त्रास होता का? या प्रश्नांची उत्तरे घरच्या माणसांपाशीच असतात. सुधाकराच्या बाबतीत ही उत्तरे नाटकात लिहून ठेवली आहेत. तीही कोणी विचारली नाहीत.

आणि शपथेविषयी एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे हात ठेवून एका रात्रीत दारू तोडली, तर घरात आनंद होतो; परंतु शरीराला ते सोसत नाही. काही तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांनी भ्रम होऊन माणूस नसलेली माणसे पाहू लागतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू तोडावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तसेच जेवणात गुपचूप कालवायच्या पुड्या. दारूची किळस यावी म्हणून दिले जाणारे डायसल्फिरम हे खरे औषध आहे. पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर त्याला मळमळते, छाती धडधडते, रक्तदाब घसरू शकतो. ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नवऱ्याच्या नकळत भाजीत पूड टाकणारी बाई प्रेमापोटीच तसे करते, पण ती त्याच्या जिवाशी खेळत असते.

दारू सुटली म्हणजे मन बरे झाले, असेही नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संस्था १९३५ साली अमेरिकेत ज्या दोघांनी सुरू केली, त्यांतले एक बिल विल्सन. त्यांनी दारू सोडली ती कायमची. त्यांच्या संस्थेने जगभरच्या असंख्य माणसांना हात दिला. परंतु दारू सुटल्यानंतरही पुढे कित्येक वर्षे ते स्वतः नैराश्याने ग्रासलेले होते. सुधाकराची शपथ टिकली असती, तरी तो सुखी झाला असता असे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या शपथेबरोबर आणखी काहीतरी व्हायला हवे होते.

ते 'आणखी काहीतरी' मराठी वाङ्मयात आले का? माझ्या मते आले, पण ते नाटकातून किंवा कादंबरीतून आले नाही. ते अनिल अवचटांच्या 'गर्द' या पुस्तकातून आले. १९८० नंतरच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्याच्या तरुण मुलांत शिरली, तेव्हा अवचटांनी त्या मुलांना, त्यांच्या आईबापांना भेटून, त्यांचे ऐकून लिहिले. या लेखनाची आणि 'एकच प्याला'ची तुलना करण्यासारखी आहे. गडकऱ्यांची भाषा पेटलेली; अवचटांची अगदी बोलण्यातली, शाळेतल्या मुलालाही कळावी अशी. गडकरी व्यसनी माणसाला बोलायला लावतात आणि प्रेक्षकाला रडवतात. अवचट व्यसनी माणसाला बोलू देतात आणि आपण गप्प बसतात. कलाकृती म्हणून पहिले कितीतरी मोठे आहे. पण रोग्याच्या नातेवाइकाने वाचायचे असेल, तर मी दुसरे पुस्तक आधी हाती देईन. त्यात रोग्याला एकच एक कारण चिकटवलेले नाही.

त्या लेखनाच्या मागोमाग २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. ते उभे करण्यात डॉ. अनिता अवचट यांचा वाटा मोठा. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि केंद्राची सुरुवातही त्याच रुग्णालयाच्या आवारात झाली. व्यसनाचे केंद्र मनोरुग्णालयाच्या भिंतीआड सुरू व्हावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या नकाशातच होते: दोन दारे, पण आवार एक. अनिताताई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ साली गेले. केंद्र चालू आहे.

कायद्यालाही हे पटायला वेळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्थांचा समावेश केला. कागदावर तरी दोन्ही आजार एका छपराखाली आले. प्रत्यक्षात अजून पुष्कळ अंतर आहे. बारा राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, मद्याच्या विकाराने ग्रस्त अशा शंभरांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीनुसार दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक ५ कोटी ७० लाखांच्या घरात होते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा चालू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. मन आणि व्यसन, दोन्हींची विचारपूस तिथे करता येते, हे घरोघरच्या वाचकांसाठी इथे नोंदवून ठेवतो.

आता दोन आक्षेप. पहिला वाङ्मयीन: जुन्या नाटकाला नव्या वैद्यकाचे ठोकताळे लावणे हा अन्याय नव्हे काय? सुधाकर हे पात्र आहे, रोगी नव्हे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. सुधाकराच्या नावापुढे रोगाचे नाव लिहून नाटक संपवायचे असेल, तर ती समीक्षा नव्हे, केसपेपर होय. परंतु मी नाटकाबाहेरून काही आणलेले नाही. कोर्टातला अपमान, त्यानंतरचे खचणे, औषध म्हणून आलेला प्याला, शपथ, झिडकारणे आणि मरणाची ओढ, हे सगळे गडकऱ्यांनीच लिहिले आहे. 'मानी स्वभावाचा दारूने केलेला नाश' या चौकटीत भगीरथ बसत नाही, आशाहीन भाषण बसत नाही, शपथेनंतरचे पतन योगायोग ठरते. दोन आजार मानले की तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बसतात. अर्थ लावण्याची जी रीत संहितेतले अधिक सांभाळते, ती अधिक योग्य, एवढाच माझा दावा आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो अधिक वजनदार आहे. आजार म्हटले की माफी आली. ज्याने पोटच्या पोराचा जीव घेतला, ज्याच्या मारामुळे बायको मेली, त्याला आपण 'बिचारा रोगी' म्हणायचे काय? नाही. आजार कारण सांगतो. तो हिशेब पुसत नाही. उलट, आजार म्हटल्यावर घरावर एक कर्तव्य येते, ते म्हणजे वेळेवर उपचार करणे, आणि तोवर बायको-मुलांना सुरक्षित ठेवणे. दारू आणि नैराश्य एकत्र आले की आत्मघाताचा धोका वाढतो, हे वैद्यक सांगते. गडकऱ्यांनी तो शेवट सुधाकराच्या विषाच्या पेल्याने दाखवला आहे. त्या अखेरच्या अंकात सर्वांत भयंकर मला वाटते ते सिंधूचे खोटे. मरणाच्या दारात ती पोलिसांपुढे नवऱ्याला पाठीशी घालते. बालगंधर्वांच्या सिंधूला प्रेक्षकांनी याच क्षणी देवता केले.

मी सिंधूचा उपमर्द करीत नाही. १९१९ सालच्या त्या बाईला जाण्यासाठी जागा नव्हती. जाते ओढून ती घर चालवते आणि तोंडातून ब्र काढत नाही, याला मनाचे बळ लागते. पण तिचे सोसणे हा सुधाकरावरचा उपचार नव्हता, आणि तिच्या मौनाने त्याचा आजार चार भिंतींत सुरक्षित राहिला. आपण मात्र त्या मौनाचाच आदर्श करून ठेवला. आजही एखादी सून माहेरी काही बोलत नाही, तेव्हा तिचे कौतुक होते. तिची झोप, तिचे दुखणे, तिच्या मुलाची घसरलेली वही यांचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. घरातल्या एकाचे दोन आजार बाकीच्यांनाही हळूहळू आजारी पाडतात.

'एकच प्याला' पुन्हा पुन्हा रंगभूमीवर येत राहील, ते यावेच. पुढच्या दिग्दर्शकाला एकच सुचवावेसे वाटते. कोर्टातून परतलेला सुधाकर आणि त्याला मिळालेला प्याला यांच्यामध्ये जो अवकाश आहे, तो घाईने उरकू नका. त्याला जरा वेळ गप्प बसू द्या. तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, आपल्या पुस्तकांकडे पाहत नाही, हे प्रेक्षकाला दिसू द्या. तळीराम आत येण्यापूर्वी त्या खोलीत दुसरे कुणीही येऊ शकले असते, हे प्रेक्षकांतल्या आईबापांना, भावाबहिणींना जाणवू द्या. आणि ते तीन अवस्थांचे भाषण टाळ्यांसाठी म्हणायला नटाला मनाई करा. ते त्याने हळू म्हणावे, थकलेल्या माणसाने म्हणावे तसे, आणि समोरच्या रामलालने ते ऐकताना मान डोलावू नये.